खात्यात आलेले दोन हजार आणि तमलीकचा प्रश्न



लोहारा तालुक्यातील माकणी येथे निम्न तेरणा धरणाच्या परिसरात फिरताना दोन प्रकारची शेती दिसते. पाणी पोहोचते तेथे ऊस उभा असतो. पोहोचत नाही तेथे सोयाबीन, तूर आणि आभाळाकडे लागलेले डोळे. शरीअतने हा भेद फार पूर्वी जाणला आहे. पावसावर पिकणाऱ्या जमिनीच्या उत्पन्नावर दहावा हिस्सा उश्र, आणि जेथे कष्टाने, खर्चाने पाणी द्यावे लागते तेथे विसावा. (भारतातील जमिनींवर उश्र वाजिब आहे की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय आज बाजूला ठेवू.) शेतकऱ्याकडून घेताना अल्लाहचा दीन त्याचे कष्ट मोजतो. मग त्याला देताना आपण काय मोजतो, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला जुम्याच्या नमाजानंतर ओट्यावर बसलेल्या मंडळींच्या बोलण्यातून सुचला. केंद्र सरकारच्या शेतकरी सन्मान निधीतून २०१९ पासून शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले. मात्र ज्या भगिनीला शेतकरी निधीचे पैसे स्वतःच्या नावाने मिळतात, तिला केवळ ५०० रुपयांचा फरक दिला जातो. ओट्यावरचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मौलवीसाहेब, फुकटच्या पैशाने माणसे बिघडली. त्यापेक्षा खताची पोती द्यावीत, धान्य द्यावे." बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे कबूल करतो.

त्या रात्री मला आठवली ती माझ्याच हातून झालेली एक चूक. काही वर्षांपूर्वी मी या भागातल्या दुसऱ्या एका गावी इमाम होतो. रमजानमध्ये जकातीची रक्कम जमली आणि आम्ही समितीच्या लोकांनी ठरवले की गरिबांच्या हाती पैसे द्यायचे नाहीत. तांदूळ, डाळ, तेल, शेवया, खजूर असे एकसारखे संच बांधले. फोटोही काढले. ईदनंतर कळले की एका विधवा भगिनीने आपला संच किराणा दुकानात निम्म्या किमतीला विकला. समितीत संतापाची लाट उसळली. तिला विचारायला मलाच पाठवण्यात आले. ती शांतपणे म्हणाली, "हजरत, रेशनचे धान्य घरात होते. पेरणी तोंडावर आली होती आणि बियाण्याला पैसे नव्हते. तुम्ही विचारले असते तर सांगितले असते." तिच्या एक एकरात त्या वर्षी सोयाबीन पेरले गेले ते त्या निम्म्या किमतीवर. उरलेली निम्मी किंमत कोणी बुडवली, तिने की आम्ही?

मदरशात आम्ही हनफी फिकहमध्ये तमलीकचा धडा शिकलो होतो. परीक्षेत उत्तरही लिहिले होते. जकात अदा होण्यासाठी घेणाऱ्याला त्या मालाचा पूर्ण मालक करावे लागते. जकातीच्या नियतीने गरिबाला आपल्या दस्तरखानावर बसवून जेवू घातले तर जकात अदा होत नाही. तेच धान्य त्याच्या हाती देऊन टाकले तर होते. जकातीतून मशीद बांधता येत नाही, पूल बांधता येत नाही, मय्यतीचे कफनही देता येत नाही, कारण तेथे कोणी जिवंत मालक होत नाही. विद्यार्थी असताना मला हा केवळ तांत्रिक नियम वाटे. त्या भगिनीच्या दारातून परतताना त्याचा अर्थ उमगला. देणाऱ्याने आपल्या मालावरचाच नव्हे, तर घेणाऱ्याच्या निर्णयावरचाही ताबा सोडायचा असतो. आमच्या संचांनी जकात अदा झाली असेल, धान्याची मालकी तिला मिळाली होतीच. पण तिला काय हवे आहे हे ठरवण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडेच ठेवला होता. फित्र्याच्या संदर्भात फकीह अबू जाफर यांचे मत इमाम सरख्सी यांनी 'अल-मबसूत'मध्ये नोंदवले आहे, ते असे की धान्याऐवजी त्याची किंमत देणे अधिक चांगले, कारण गरिबाला त्या क्षणी जे हवे ते तो घेऊ शकतो. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या विद्वानांना जी गोष्ट दिसली, ती आमच्या समितीला दिसली नव्हती.

या भागातील वडीलधारे लोक हाच अनुभव दुसऱ्या शब्दांत सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मदतीची वाहने येत राहिली. जुन्या कपड्यांच्या ढिगात आपल्या मापाचे काही सापडत नव्हते, असे ते सांगतात. पुढे दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात घरमालकांच्या बँक खात्यांत टप्प्याटप्प्याने रक्कम जमा झाली आणि लोकांनी आपल्या देखरेखीखाली आपली घरे सावरली. दान कोणते आठवते म्हणून विचारले, तर ते कपड्यांची गोष्ट हसत सांगतात आणि घराची गोष्ट अभिमानाने.

आता बिघडण्याचा मुद्दा. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातील काही गावांत 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने एक प्रयोग केला. गावातील प्रत्येक प्रौढाला आरंभी महिना २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये, कोणतीही अट न घालता देण्यात आले. लोक आळशी झाले नाहीत. उलट, अनेक छोटे शेतकरी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक राबू लागले. जनावरे घेतली गेली, कर्जाचा भार हलका झाला. पश्चिम केनियातील अशाच एका अभ्यासात दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. माणूस बिघडत नाहीच, असे माझे म्हणणे नाही. बिघडणारा माणूस खताचे पोतेही विकून पितो.

हाती रोख असण्याचा एक परिणाम मात्र आपल्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याला बियाणे-खत उधारीवर घ्यावे लागते. उधारीचा भाव निराळा असतो, आणि पुष्कळदा सुगीला माल त्याच आडत्याच्या दारी, तो म्हणेल त्या दराने घालण्याचे बंधन त्यात असते. व्याज हा शब्द कोणी उच्चारत नाही. पण प्रत्येक जण ते भरतो. ज्या रिबाविरुद्ध अल्लाहने युद्धाची घोषणा केली, त्याच्या दारात आपला भाऊ हौसेने जात नाही. जून महिन्यात खिसा रिकामा असतो म्हणून जातो. दोन हजारांत बियाणे, खत आणि फवारणी हे सारे कधीच बसत नाही. तरी तेवढी उचल कमी होते. हप्ता पेरणीच्या आधी आला तर त्याची किंमत दोन हजारांहून अधिक असते, आणि पेरणीनंतर आला तर कमी.

कुल्हाडीची हदीस आपण सारे ऐकत आलो आहोत. मागायला आलेल्या अन्सारी माणसाची घोंगडी आणि पेला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लिलावात दोन दिरहमांना विकला. एका दिरहमाचे अन्न घरी पोहोचवायला सांगितले, दुसऱ्याची कुल्हाड आणवली, तिला स्वहस्ते दांडा बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडायला पाठवले. ही हदीस आपण बहुधा गरिबाला ऐकवतो: बघ, काम कर. पण पहिला दिरहम घरच्या चुलीसाठी होता, हे सांगायचे विसरतो. भुकेल्या घरातून कुल्हाड उचलली जात नाही. शिवाय त्या माणसाला जंगलातले लाकूड विनामूल्य मिळाले. आमच्या शेतकऱ्याला बियाणेही विकत घ्यावे लागते.

मदतीला अट घालताना काय होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. ह. उमर (रजि.) यांनी मुलांना वेतन ठरवून दिले, पण दूध सुटलेल्या मुलांनाच. एका रात्री ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासह ते एका काफिल्याची राखण करीत असताना एक तान्हे मूल पुन्हा पुन्हा रडत होते. खलीफांना न ओळखता आई म्हणाली की उमर दूध सुटलेल्यालाच देतात, म्हणून मी याचे दूध वेळेआधी तोडते आहे. फज्रच्या नमाजात त्यांच्या रडण्यामुळे किरअत लोकांना नीट ऐकू येईना. त्याच दिवशी हुकूम निघाला की मूल जन्मताच वेतन सुरू होईल. अट घालताना त्यांचा हेतू शुद्ध होता. तरीही तिची किंमत एका तान्ह्या जिवाने मोजली.

आजच्या अटींपैकी अंगठा, आधार, केवायसी यांविषयी सर्वांना ठाऊक आहे. मला खुपते ती सातबाऱ्याची अट. बटईने राबणाऱ्याच्या नावे काही येत नाही, शेतमजुराच्या नावेही नाही. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत भूमिहीनांचा समावेश केला गेला होता, म्हणजे ते अशक्य नाही. आणि ही मदत न्याय्य भावाची जागाही घेऊ शकत नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली विकला गेला. क्विंटलमागे ७०० रुपये कमी मिळाले तरी दहा क्विंटलला ७,००० रुपये गेले. केंद्राच्या वर्षभराच्या निधीपेक्षा जास्त. हक्क एका हाताने काढून दुसऱ्या हाताने मदत दिली, तर तिचे उपकार मानावेत काय?

परंतु सरकारला हा प्रश्न विचारण्याआधी एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. गेल्या हिवाळ्यात एक तरुण शेतकरी माझ्याकडे मसला विचारायला आला. हप्त्यांचे पैसे साठले आहेत, त्यांवर जकात येते का? नेक मुलगा, पाच वक्तांचा नमाजी. मी निसाब आणि वर्षाची मुदत समजावली. मग सहज विचारले, जमीन कोणाची? वडिलांची, २०२० मध्ये वारले, आता माझ्या नावे. बहिणी? दोन. त्यांनी हक्कसोड करून दिला, हजरत, खुशीने.

भगिनींनो, ही खुशी तुम्हांला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही शरीअतच्या दृष्टीने रजामंदी ठरत नाही, असे आमच्या मोठ्या उलमांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. मी त्याला विचारले, मेहुण्यांची शेती किती? धाकट्याच्या नावे गुंठाभरही नाही, तो मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातो. मग मी हिशोब मांडला. वडिलांनंतर वारसनोंदीत धाकटीचे नाव लागले असते, तर तिच्या कुटुंबाच्या खात्यात स्वतंत्रपणे हाच निधी आला असता. तुझा एक रुपयाही कमी झाला नसता. तुझ्या सातबाऱ्यामुळे तिची जमीन गेली, आणि जमिनीमागून येणारे हे पैसेही दर वर्षी जात आहेत.

तो बराच वेळ खाली पाहत होता. मग त्याने विचारले, "जकातीचे राहू द्या. तलाठ्याकडे कोणते कागद लागतात?" मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघे सोमवारी गेलो.