जबडा कोणाचा?

माणसाला बत्तीस दात असतात आणि त्यांतला एक ठणकू लागला की उरलेले एकतीस कुचकामी ठरतात, असं माझं घरगुती दंतशास्त्र आहे. 'किरकोळ रजा' हा शब्द ज्याने काढला त्याची दाढ कधी दुखली नसावी. म्हणून जॉन सॅटलर ह्या गृहस्थाची हकीकत वाचल्यापासून मी जरा अस्वस्थ आहे.

हा साउथ सिडनी क्लबाचा कप्तान. खेळ रग्बी लीग. बाजूला तेरा गडी, मध्ये एक लांबट चेंडू आणि तो ज्याच्या हाती लागेल त्याला आडवा पाडायचा. कबड्डीतली पकडच म्हणा ना, फक्त पकडणारे गडी बैलाच्या मापाचे! सॅटलर 'प्रॉप', म्हणजे पुढच्या फळीतला टेकू. घोळक्यात मुंडी घालायची, मार खायचा, चार पावलं रेटायची. टाळ्या घेणारा कोणी चपळ पायांचा मागून येतो. लग्नात आचाऱ्याची जी जागा, ती ह्या खेळात प्रॉपची. सॅटलरला लोक 'जेंटलमन जॉन' म्हणत. मारामारीपायी रेफ्री त्याला वारंवार मैदानाबाहेर काढी, म्हणून! टकल्याला केशवराव म्हणावं, त्यातला प्रकार.

19 सप्टेंबर 1970 ला मॅनलीशी अंतिम सामना होता. सुरुवातीलाच एकाच्या ठोशाने सॅटलरचा जबडा मोडला. तर ह्याने सोबत्याला सांगितलं, मला उभा धर, त्यांना कळता कामा नये. पुढे सत्तरएक मिनिटं खेळला. मध्यंतरातही हटला नाही. 23-12 असा सामना जिंकला आणि वर आभाराचं भाषण केलं! मोडक्या जबड्याने! आमच्याकडे धडधाकट जबड्यांचे अध्यक्ष 'दोनच शब्द' म्हणून उभे राहतात, ते आठवलं.

मी हे रंगवून सांगितलं, तर आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याने घरी विचारलं होतं का?"

आता आली का पंचाईत? ह्या खेळाचा जन्मच मुळी भरपाईच्या भांडणातून झालेला. खेळापायी बुडालेल्या रोजाचे पैसे मिळावेत म्हणून उत्तर इंग्लंडातले क्लब 1895 साली हडर्सफील्डला वेगळे झाले. दिवसाला सहा शिलिंग ठरले. बुडाल्या दिवसाचा हिशेब झाला. जबड्याचा कोण करणार? सॅटलर 2023 साली ऐंशीव्या वर्षी गेला. शेवटी त्याला स्मृतिभ्रंश झाला होता. तो खेळामुळेच, असं मी म्हणणार नाही; चेंडूला बोट न लावलेल्यांनाही तो होतो. पण अठ्ठावीस वर्षांच्या गड्याने ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या वतीने परस्पर सही करावी का? बाजारात असा व्यवहार झाला तर आपण त्याला फसवणूक म्हणू.

आणि एकाने सोसलं की ते दुसऱ्यांना ऐकवलं जातं. आमचे एक साहेब एकशेतीन तापात ऑफिसला आले होते. त्यानंतर कोणालाही तापाची रजा मागायची सोय उरली नाही. तिकडे बरगडी धरून बसलेल्या पोरांना किती वर्षं सॅटलर ऐकावा लागला असेल, देव जाणे.

हल्ली डोक्याला मार बसल्याचा संशय आला तरी डॉक्टर खेळाडूला तपासायला बाहेर नेतात, त्याची हौस विचारत नाहीत. हे मला पूर्ण पसंत आहे. तरी त्या सामन्याची फिल्म कोणी दाखवली, तर मी खुर्ची पुढे ओढून बसेन. हिला अर्थात बोलावणार नाही.