वायरमनने मागितलेला एक दिवस

सांगलीतल्या एका जुन्या घरात नाना आणि माई दोघंच राहत. मुलगा पुण्याला नोकरीत. दिवाळीला आला तो खोकं भरून वस्तू घेऊनच आला. मोबाइलवर चालणारे दिवे, एक स्मार्ट प्लग, बोललेलं ऐकणारा स्पीकर. दोन दिवस खपून त्याने प्लग सोडून बाकी सगळं जोडलं आणि आई-बाबांची सोय झाली या समाधानात परत गेला.

आठवड्याभरात दिवे मोबाइलला दाद देईनात. बिघडलं काहीच नव्हतं. खोलीतून निघताना बटण बंद करायचं ही नानांची जन्माची सवय, आणि बटण बंद असलं की दिव्यापर्यंत वीजच पोचत नाही. मग पुण्याहून कितीही बोट दाबलं तरी तो लागणार कुठून? मुलाने बटणांवर चिकटपट्ट्या लावायला सांगितलं. एका रात्री माई उठल्या तेव्हा मोबाइल उशाशी नव्हता. अंधारात त्या बटणावरची पट्टी नखाने सोलत उभ्या राहिल्या.

मुलाने गल्लीतल्या वायरमनला फोन लावला. "अजून काय आणायला लागेल?"

"काही आणू नका. मला एक दिवस तुमच्या घरात बसू द्या."

तो खरंच बसला. माईंच्या हातचा चहा घेत, दोघांशी बोलत त्याने घर पाहून घेतलं. इतक्या कमी मजुरीच्या कामासाठी एवढा वेळ देणारा माणूस मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. त्याला दिसलं ते असं. मुलाचे दिवे होते बैठकीत आणि झोपायच्या खोलीत, पण माई रात्री भिंत चाचपडत जात त्या न्हाणीघराच्या बोळात. मोटर लावून नाना पेपर वाचत बसत आणि वरची टाकी वाहून अंगणात पाणी आलं की धावत. गीझर बंद करायला दोघंही विसरत.

बोळात त्याने माणसाची हालचाल ओळखून लागणारा दिवा बसवला. टाकीत फ्लोट स्विच सोडून तो मोटरच्या स्टार्टरला जोडला. मुलाने गीझरसाठी आणलेला प्लग मात्र त्याने हातात घेऊन बाजूला ठेवला. तो होता 6 अँपियरचा. गीझर 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपियर ओढणारा. प्लग तापून वितळला असता. त्याजागी 16 अँपियरचा आला आणि वीस मिनिटांत आपोआप बंद होईल अशी वेळ त्यावर लावून दिली.

बैठकीतल्या बटणामागे त्याने एक छोटं मॉड्यूल बसवलं. आता तो दिवा बटणानेही लागतो आणि मोबाइलनेही. झोपायच्या खोलीतल्या बोर्डात न्यूट्रलची तारच नव्हती. त्यासाठी भिंत फोडावी लागली असती, म्हणून तिथे जुनं साधं बटणच राहू दिलं.

पुढच्या खेपेला मुलाने विचारलं, "बोळातल्या दिव्याचं ॲप कुठलं?"

माई म्हणाल्या, "त्याला ॲप नाही रे. मी चालले की तो लागतो."

या सगळ्या कामाचा खर्च मुलाने आणलेल्या खोक्याहून कमी आला. त्यातला बोळातला दिवा आणि टाकीतला स्विच इंटरनेट नसलं तरी चालतात.