न मागितलेला विषय

गेल्या पावसाळ्यात आमगावकडचा एक विद्यार्थी मला भेटावयास आला. गोंदियाच्या एका महाविद्यालयात तो रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकतो. सकाळच्या गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परतायचे; रोवणीचे दिवस आले की तास बुडवून बांधीत उतरायचे. त्याची तक्रार सरळ होती. विज्ञानाचा विद्यार्थी असूनही त्याला दुसऱ्या विद्याशाखेतील एक विषय घ्यावाच लागणार होता. ‘सर, मी रसायनशास्त्रासाठी नाव घातलं. हा दुसरा विषय मी मागितला नव्हता. मग तो माझ्या माथी का?’

तीसेक वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाजवळ अशा प्रश्नाला तयार उत्तर असते. ‘व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास’ असे काहीसे मी म्हणालो. मुलाने नम्रपणे मान हलविली, आणि त्या नम्रतेवरूनच मला कळून चुकले की मी त्याला उत्तर दिलेले नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 या वर्षापासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत आली. मुख्य विषयाबरोबर काही श्रेयांक अन्य विद्याशाखेतून मिळवायचे. मुले त्याला ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणतात. विषय कोणता, हे निवडता येते. घ्यायचा की नाही, हे निवडता येत नाही. कल्पना मात्र नवी नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1948-49 मध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांना सामान्य शिक्षणाची जोड द्यावी असे सुचविले होते. बहुश्रुत असणे चांगले, याविषयी कुणाचे दुमत नाही. त्या मुलाचेही नव्हते. त्याचा प्रश्न निराळा होता आणि तो नैतिक होता: माझ्या भल्यासाठी का होईना, माझे तास घेण्याचा अधिकार तुम्हांला कुणी दिला?

हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. मुलगा अठरा वर्षांचा आहे. राज्य कुणाच्या हाती द्यावे हे ठरविण्याची अक्कल त्याला आहे असे आपण मानतो. शिवाय त्याचे तास एकट्याचे नाहीत. तो वर्गात बसतो तेव्हा त्याच्या वाट्याची रोवणी त्याची आई करीत असते. ज्यांच्या घरी दुसरी संधी असते त्यांना एखादा तास वाया गेला तर फारसे बिघडत नाही. ज्याला एकच संधी आहे त्याच्याकडून घेतलेला प्रत्येक तास हे कर्ज आहे, आणि ते फेडायचे कुणी, हे घेणाऱ्याने आधी सांगावयास हवे.

इथे मला माझ्याच एका कर्जाविषयी सांगितले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करण्याची दिशा दिली. प्रत्यक्षात पदवीच्या वर्गांत तो यायला आणखी बारा-तेरा वर्षे गेली. आमच्याकडे तो आला तेव्हा शिकविणार कोण, असा प्रश्न उभा राहिला. माझे तास कमी भरत होते, म्हणून तो माझ्याकडे आला. मराठीच्या प्राध्यापकाने ओझोनच्या थराविषयी टिपणे उतरवून दिली, मुलांनी ती उतरवून घेतली. वर्षाअखेरी प्रकल्पवह्यांचा गठ्ठा आला. बहुतेक वह्या थोरल्या भावंडांच्या वह्यांवरून उतरविलेल्या; एकीवर तर आधीच्या मालकाचे नावही नीट खोडलेले नव्हते.

त्या गठ्ठ्यात अर्जुनी मोरगावकडच्या एका मुलाची वही होती. त्याने आपल्या गावच्या मामा तलावाविषयी लिहिले होते. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी हे तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारी 1951 साली संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढण्याचे काम कुणाचे, हे ठरेनासे झाले. मुलाने आपल्या आज्याला विचारून पाळ कशी राखत, पाणी कुणाच्या बांधीत आधी जाई, भांडण झाले तर कोण मिटवी, हे सारे झाडीबोलीत, जसे ऐकले तसे, लिहून काढले होते. मी ती वही चाळली. ठरलेल्या मुद्द्यांत ती बसत नव्हती. तिला मी मध्यम गुण दिले आणि वही गठ्ठ्यात परत ठेवली.

मी भाषेचा माणूस. त्या वहीतली भाषा तरी मला थांबवायला हवी होती. आजही नवेगाव बांधच्या रस्त्याने जाताना ती वही आठवते. ज्या विषयाच्या नावाने न्यायालयाने देशभरच्या मुलांचे तास मागितले, तो विषय त्या वर्गात एकाच मुलाने खऱ्या अर्थाने शिकला, आणि सक्ती करणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून तिथे बसलेल्या मला तो ओळखता आला नाही.

म्हणजे सक्ती चूक? पुष्कळ दिवस मी तसेच म्हणत होतो. संत जॉन हेन्री न्यूमन यांची विद्यापीठाविषयीची व्याख्याने पुन्हा वाचताना मात्र मन अडखळले. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 साली, त्यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ घोषित केल्यामुळे त्यांचे नाव आपल्या मंडळींत बरेच झाले. ही व्याख्याने 1852 सालची, डब्लिनची. त्यांचा एक मुद्दा असा की ज्ञानाच्या शाखा एकमेकींना आवर घालतात. एखादी शाखा वगळली तर तिची जागा रिकामी राहत नाही. शेजारची शाखा ती बळकावते आणि जे आपल्या अधिकारात नाही त्यावर निवाडे देऊ लागते. हे मी आपल्या धानाच्या शेतात पाहतो. कीटकनाशक कीड कशी मारते हे रसायनशास्त्र सांगते. त्याच बांधीत सारस पक्ष्याचे घरटे आहे, महाराष्ट्रात सारस आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगात सदरा आहे की नाही, हे पाहणे त्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. पण निवाडा मात्र फवारणीबरोबर होऊनच जातो.

त्याच न्यूमन यांनी विषयांची खिचडी करून बुद्धी दुबळी करण्यावरही सडकून टीका केली आहे. आणि एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही: डब्लिनच्या त्या विद्यापीठात सर्वांत चांगले चालले ते वैद्यकीय विद्यालय. तिथल्या आईबापांनाही मुलाच्या पोटापाण्याची सोय हवी होती. आमगावच्या आईबापांहून ते फार निराळे नव्हते.

तरीही आज मी सक्तीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण न्यूमनपेक्षा आमचा जिल्हा आहे. निवड करायची तर आधी ओळख हवी. नागपूरच्या सुशिक्षित घरात इतिहास, संगीत, कायदा, चित्रकला यांपैकी काहीतरी जेवताना कानांवर पडते. सालेकसा-देवरीच्या मुलाला नुसते ‘तुझे तू निवड’ म्हणणे म्हणजे त्याला माहीत असलेल्या तीनचार वाटांतच परत पाठविणे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही त्याच्यासाठी महाविद्यालयाने ते उघडून ठेवले पाहिजे, आणि एकदा तरी हात धरून त्यासमोर नेले पाहिजे. मात्र कपाटात पुस्तके असली पाहिजेत. ज्याला विषय येत नाही, आवडत नाही, त्याचे तास भरत नाहीत म्हणून जो तो शिकवतो, अशा माणसासमोर मुलाला सक्तीने बसविणे ही मी चोरी समजतो. ती मी केलेली आहे. चांगला शिक्षक मिळत नसेल तर महाविद्यालयाने तेवढे तास मुलाला परत द्यावेत. नियम काही म्हणो.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले नाही. त्याच्या आमगावाजवळच्या पदमपूरविषयी विचारले. तो रोज तिथून जवळच गाडीत बसतो. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपले मूळ गाव विदर्भातील पद्मपूर असे सांगतो, आणि ते हेच, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी मांडले, हे त्याने ऐकले होते. गावात भवभूतीच्या नावाचे महाविद्यालय आहे, तेवढ्यामुळे. मी म्हणालो, हा नाटककार व्याकरण, मीमांसा, न्याय इतक्या शास्त्रांत मुरलेला होता. मात्र ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत तो असेही म्हणतो की वेद, उपनिषदे, सांख्य, योग हे सारे शिकल्याचे सांगून काय उपयोग, त्याने नाटकाला काही गुण येत नाही.

मुलगा हसला. ‘म्हणजे त्यालाही माझ्यासारखंच वाटत होतं.’

‘हो. पण त्याने सगळं शिकल्यावर म्हटलं.’

यावर तो काही बोलला नाही. महिनाभराने कळले की त्याने इतिहास घेतला. मी मनातल्या मनात सुखावलो, आणि भेटल्यावर कारण विचारले. म्हणाला, ‘सर, त्याचा तास दुपारी एक वाजता आहे. बाकीच्या विषयांना बसलो तर गाडी चुकते.’