मागण्याचा अधिकार

दान कसे द्यावे यावर आपल्या परंपरेने पुष्कळ विचार केला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, विसाव्यापासून बाविसाव्या श्लोकापर्यंत, दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून किंवा मनाविरुद्ध दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अवमानपूर्वक दिलेले ते तामस. ही सारी वर्गवारी देणाऱ्याची झाली. परंतु आपल्या मागण्याने दुसऱ्याच्या दानाला राजस करून ठेवणाऱ्या माणसास कोणत्या वर्गात बसवावे? हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षीपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला एका सायकलफेरीमुळे.

राजधानीतील मोठ्या रुग्णालयांबाहेर, पदपथावर, रोग्यांचे नातेवाईक रात्री काढतात, हे दिल्लीवासी वाचकांस सांगावयास नको. एकदा कानावर मराठी शब्द पडला म्हणून आम्ही थांबलो, तो एक म्हातारी लेकाच्या कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन पडलेली. "इथं रातभर पडू देत्यात का, बाबा?" एवढेच तिने विचारले. त्यानंतर आमच्या वसाहतीतील मराठी मंडळींनी ठरविले, की अशा कुटुंबांसाठी हिवाळ्याचे तीन महिने दोन खोल्या भाड्याने घ्यावयाच्या आणि त्यासाठी सायकलफेरी काढून निधी जमवावयाचा. रामकृष्णपुरमहून इंडिया गेट आणि परत, एवढाच तो मार्ग. आमच्यापैकी कोणीही असले काम पूर्वी केलेले नव्हते.

कल्पना अर्थातच नवी नव्हे. १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ३६ सायकलस्वार कर्करोगविषयक कार्याच्या मदतीसाठी निघाले, आणि त्यांच्या त्या फेरीची पुढे वार्षिक प्रथा झाली. आपल्याकडे १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. मणक्याच्या विकारामुळे सायकलवर बसणे बाबांना शक्य नव्हते, तरी ते बरोबर गेले. मात्र त्या यात्रेने लोकांकडे पैसा मागितला नव्हता, मन मागितले होते. आम्हांस पैसा मागावयाचा होता. आणि अडचण तेथेच होती.

पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, पंक्चर काढणारा, पाणी, केळी यांची जुळवाजुळव चालली असता कार्यालयातील एका शिपायाने आम्हांस सहज विचारले, "साहेब, मी रोज येऊनजाऊन वीस किलोमीटर सायकल मारतो, मला कोणी काही देत नाही. तुम्ही एक दिवस चालविणार, त्याचे लोक पैसे का देतील?" त्याच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच उत्तर देणे कठीण गेले. आमच्या घामाने त्या म्हातारीची थंडी भागणार नव्हती. ती रुपयांनीच भागणार होती. मग घाम कशासाठी? विचारांती आम्हांस असे वाटले, की स्वतः काहीच न देता दुसऱ्याच्या खिशातून परोपकार करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. मागणाऱ्याने आधी आपले काही तरी, निदान एका पहाटेची झोप, खर्ची घालावी, एवढाच त्या घामाचा अर्थ. त्याने मागण्याचा अधिकार मिळत नाही; मागण्यातील लाज थोडी कमी होते.

अधिकाराचा प्रश्न निराळाच निघाला. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नियम १२ प्रमाणे सरकारी सेवकाने पूर्वमंजुरीवाचून कोणत्याही कार्यासाठी वर्गणी मागू वा स्वीकारू नये. आम्ही रीतसर मंजुरी घेतली. परंतु खरे सांगावयाचे तर त्या नियमाकडे लाल फितीचा आणखी एक वेढा यापलीकडे आम्ही पाहिले नव्हते. पुढे एके दिवशी एक पुरवठादार आले. त्यांचे देयक आमच्याच टेबलावर पडून होते. आम्ही त्यांच्याकडे काही मागितले नव्हते. तरी फेरीची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, आणि एका खोलीचे तिन्ही महिन्यांचे भाडे देण्याची त्यांची तयारी होती.

आम्ही नको म्हटले. सायंकाळी एका स्नेह्याने आम्हांस चांगलेच फैलावर घेतले. "तुमच्या सोवळ्याची किंमत पदपथावरच्या माणसाने का मोजावी?" हा त्याचा सवाल. तो सवाल आम्हांस आजही खोटा वाटत नाही. कदाचित् ते गृहस्थ मनापासूनच देत असतील. पण ते मनापासून आहे की देयकासाठी आहे, हे जाणण्याचा मार्ग आमच्या खुर्चीने बंद करून टाकला होता. त्यांना स्वतःला तरी ते ठाऊक असेल काय? "देयक निकालात निघाल्यावर या," असे म्हणावे, तर तेही एक आश्वासनच झाले असते. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याने दिलेले ते दान नव्हे. तो कायद्यावाचून बसविलेला कर होय. आणि असा कर देणारा तो पुढे कोठून तरी वसूल करितो. बहुधा सरकारी तिजोरीतूनच. म्हणजे तुळशीपत्र पुन्हा हलवायाच्याच घरावर, आणि हलवाई या खेपेस सारी जनता. नियम १२ चे मर्म आम्हांस त्या दिवशी कळले. आसनस्थ माणसाची विनंती ही कधीच नुसती विनंती नसते.

फेरी निर्विघ्न पार पडली. तो शिपाईही आपली जुनी काळी सायकल घेऊन आला, आणि परतीच्या चढावर धापा टाकणाऱ्या आम्हा सर्वांच्या पुढे निघून गेला. देणगीदारांची यादी आम्ही आकड्यांवाचून लावली. अकरा रुपये देणाऱ्यास मान खाली घालावी लागू नये म्हणून. खर्च वजा जाता एकाच खोलीचे भाडे जमले.

दुसरी खोली घेता आली नाही. त्या खोलीत जी कुटुंबे राहिली असती त्यांच्यापुढे वरील युक्तिवाद पुरेसा आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. येत्या वर्षी अधिक दारे ठोठावावी लागतील, अधिक चालावे लागेल, एवढेच त्याचे प्रायश्चित्त आम्हांस दिसते. आम्ही पुन्हा मागू. परंतु ज्याला आम्हांस खुशाल 'नाही' म्हणता येईल, त्याच्याचकडे.