शोकाकुल बालकाचे गीत

शास्त्रभाग : २ शमुवेल, अध्याय १



घरात मृत्यू आला म्हणजे वडील माणसे रडतात, आणि लेकरांस मात्र बाहेर खेळावयास पाठवितात. “लहान आहे, विसरून जाईल,” असे आपण म्हणतो. ते खरोखर विसरते काय? थोड्या दिवसांनी पाहावे तो ते ओट्यावर कोळशाने घर काढीत असते, व त्या घरात गेलेल्या आईस बसवीत असते. आपण मात्र ओटा मळला म्हणून रागे भरतो.

शौल व योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडल्याची वार्ता दाविदास कळली, तेव्हा त्याने वस्त्रे फाडली, उपास केला, आणि मग विलापगीत रचले. इतकेच नव्हे, तर ते यहूदाच्या लोकांस शिकवावे अशी आज्ञा केली. शोक दडपून टाकावयाचा नसून त्यास शब्द व सूर द्यावयाचा, आणि तो सर्वांनी मिळून वाहावयाचा, हे दाविदास ठाऊक होते.

नौपाड्याहून कल्याण दूर नाही. ठाण्यास आलेली आगगाडी १८५४ साली तेथवर पोहोचली. त्याच कल्याणात १८६९ ते १८७३ पर्यंत नारायण वामन टिळक शिकत होते. त्यांच्या आईस काव्याची गोडी होती. ती माउली त्यांच्या बालवयातच निवर्तली. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांजपाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. काव्याने त्यांची आई परत दिली नाही. परंतु आईने लाविलेले रोप सुकले नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ साली ते प्रभूकडे गेले. महाराष्ट्र त्यांस ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. जे बालक आईवाचून वाढले, त्यानेच दुसऱ्यांच्या बालकांसाठी गीते रचिली; आणि त्यांची भजने आपल्या मंडळ्या आजही गातात.

म्हणून, आईबापांनो व शिक्षकांनो, शोकाकुल लेकराच्या हातातील कोळसा हिसकावू नका. ते काय काढीत आहे हे प्रेमाने विचारा. ते गात असेल तर त्यास गप्प करू नका. ओवी ठाऊक असल्यास तुम्हीही सूर मिळवा. मात्र पाटी व खडू देऊन आपण निघून जावे, असेही नव्हे. चित्र पाहणारा कोणी नसेल, तर त्या चित्राने लेकरू अधिकच एकटे पडते. लाजरास आपण उठविणार हे प्रभूस ठाऊक होते. तरी तो प्रथम मरीयेबरोबर रडला. आपणांस तर मेलेल्यांस उठविता येत नाही. निदान जवळ बसणे तरी आपल्या हाती आहे.

हे दयाळू पित्या, आमच्या घरांतील मुक्या दुःखांस वाचा दे, आणि ती ऐकावयास आम्हांस कान दे. आमेन.