पसंतीक्रमाचा उत्तरार्ध

सामाईक प्रवेश परीक्षेचे गुण हाती आल्यानंतर अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशासाठी जो पसंतीक्रम भरावा लागतो, तो वरवर पाहता एक सरकारी अर्ज असला, तरी बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला तो पुढील चार वर्षांच्या जमाखर्चाचा दस्तऐवजच असतो. आणि या दस्तऐवजाच्या वाट्याला येणारा सारा विचार त्याच्या पहिल्या चार-पाच ओळींवरच खर्ची पडावा, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. पुण्याची 1854 सालची सीओईपी, 1887 मध्ये स्थापन झालेली मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद ही नावे कोणासही सुचतात. परंतु तेथील जागा मोजक्या असल्यामुळे बहुसंख्य मुलांचा निर्णय यादीच्या उत्तरार्धातच लागतो, आणि तो उत्तरार्ध मुदतीच्या शेवटच्या रात्री, जागा भरायच्या म्हणून, कोणाच्या तरी सांगण्यावरून भरलेला असतो.

वाटपाची रीत एकदा समजून घेतली, की पुष्कळशी भीती निराधार ठरते. गुणानुक्रमाने प्रत्येकाची यादी वरून खाली वाचली जाते आणि त्याच्या गुणांना व प्रवर्गाला जी पहिली जागा उपलब्ध असेल ती त्याच्या नावे लागते. म्हणजे वर एखादे दुर्लभ नाव लिहिल्याने खालच्या नावाची संधी तिळमात्र कमी होत नाही. क्रम लावावा तो शक्यतेचा नव्हे, खऱ्या इच्छेचा. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाची जागा मिळाली तर ती आपोआप कायम होते, आणि ती नाकारणाऱ्यास पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून जेथील खर्च झेपणार नाही असे नाव केवळ हौसेखातर अग्रस्थानी लिहिणे हे साहस होय.

शक्यतेचा अंदाज घ्यावा तो गेल्या वर्षीच्या कटऑफवरून, आणि तोही योग्य रकाना पाहून. एकाच शाखेखाली अनेक सांकेतिक अक्षरे छापलेली असतात : शेवटी ‘एच’ असेल तर त्या जागा गृहविद्यापीठाच्या, ‘ओ’ असेल तर त्याबाहेरच्या, ‘एस’ असेल तर राज्यपातळीवरच्या, आणि आरंभी ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. नांदेडचा मुलगा पुण्याच्या महाविद्यालयासमोरचा ‘एच’चा आकडा वाचून आशा किंवा निराशा बाळगतो, तेव्हा तो दुसऱ्याच कोणाचा तरी आकडा वाचत असतो.

आता पैशाचे. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक संस्थेसाठी स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे कटऑफच्या यादीत शेजारी असलेल्या दोन संस्थांच्या शुल्कात मोठे अंतर असू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून पात्र विद्यार्थ्यांचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्कमाफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, थोड्या जागा असतात आणि त्यांचा संकेतांक वेगळा असतो. तेच महाविद्यालय, तीच शाखा, एकदा माफीच्या संकेतांकाने वर आणि एकदा साध्या संकेतांकाने लगेच खाली लिहिणे एवढ्या साध्या कृतीने एखाद्या घराचे काही लाख रुपये वाचू शकतात. आणि तरीही ती माहिती नेमकी ज्याच्यासाठी आहे त्या घरापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, याचे दुःख होते.

परंतु शुल्क हा खर्चाचा अर्धाच भाग आहे. परगावी खोली आणि खानावळ मिळून महिन्याला आठ हजार धरले, तरी दहा महिन्यांचे ऐंशी हजार आणि चार वर्षांचे तीन लाख वीस हजार होतात. हे सत्य शाहू महाराजांनी फार पूर्वी ओळखले होते. 1901 मध्ये कोल्हापुरात त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, ती खेड्यातल्या मुलाला फीइतकाच राहण्याजेवण्याचा प्रश्न अडवतो हे जाणूनच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले तेही याच जाणिवेने. म्हणून यादीतील प्रत्येक नावापुढे शुल्क, निवास आणि प्रवास मिळून चार वर्षांची एकूण रक्कम लिहावी, आणि ज्या रकमेसाठी शेत वा घर तारण ठेवावे लागेल ते नाव, प्रतिष्ठा कितीही असो, निःशंकपणे खोडावे. शैक्षणिक कर्जाची परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होत असली, तरी व्याजाची आकारणी कर्जाचा पहिला हप्ता उचलल्यापासूनच होत असते, हे बँकेच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते.

यादीचा तळ आणखी एका कसोटीवर तपासावा लागतो. शेवटच्या दहा नावांपैकी एखादे मिळाले तर मुलगा तेथे मनापासून शिकेल काय? उत्तर नकारार्थी असेल तर ती नावे काढून, जिल्ह्यातले वा जवळचे, झेपणारे आणि बरे शिकवणारे महाविद्यालय तेथे घालावे. अशा ठिकाणी जाऊन तेथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे. प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, हे माहितीपत्रकापेक्षा तेच खरे सांगतात.

मुलींच्या यादीत हा तळ वेगळ्याच कारणाने आखडतो. 2024-25 पासून 8 लाखांच्या आतील उत्पन्नाच्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले, ही मोठी गोष्ट. परंतु वसतिगृहात जागा नाही म्हणून आई-वडील दूरच्या गावांची नावे एकामागून एक खोडतात, आणि शुल्काविना शिकण्याचा अधिकार लाभलेली मुलगी एसटीच्या पासाच्या टप्प्यातील दोन महाविद्यालयांतून एक निवडते. त्या दोहोंत तिच्या आवडीची शाखा असेलच असे नाही.