मौनाला बसण्याआधी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष जवळ आला की आमच्या बोरिवलीतल्या दत्तभक्तांमध्ये गुरुचरित्राच्या सप्ताहाची जुळवाजुळव सुरू होते. अलीकडे त्या बैठकीत एक नवा प्रश्न हमखास येतो : "काका, दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊ का?" विचारणारे बहुधा तिशी-चाळिशीतले असतात. घर मुलुंडला नाहीतर घाटकोपरला, नोकरी अंधेरीला. दोन वेळा गाडी बदलायची, दिवसभर फोन, रात्री झोपेतही ऑफिस. अशा माणसाला दहा दिवस कोणी बोलणार नाही ही कल्पनाच अमृतासारखी वाटते.

शिबिरं आपल्यापासून लांबही नाहीत. श्री. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर घेतलं ते १९६९ साली, आपल्या मुंबईतच. पुढे कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. गोराईच्या खाडीपलीकडे दिसणारा सोनेरी पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. मी स्वतः एकदा दहा दिवस बसून आलो आहे आणि मला त्याचा लाभच झाला. त्यामुळे पुढे लिहितो ते विरोधापोटी नाही.

तिथली दिनचर्या आधी नीट समजून घ्यावी. पहाटे चारला घंटा होते, रात्री नऊ-साडेनऊला दिवे मालवतात. मधल्या वेळात सुमारे दहा तास ध्यान. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, नंतर अंगावरच्या संवेदनांकडे. दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचा प्रयत्न करायचा. दुपारच्या जेवणानंतर नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि थोडंसं खाणं, बस्स. फोन, पुस्तक, वही, पोथी, जपमाळ काहीही जवळ ठेवायचं नाही. आपल्या दत्तभक्ताला हे शेवटचं विशेष जड जातं. रोजचं नामस्मरणही तेवढे दिवस बाजूला ठेवावं लागतं. ज्याला ते पटत नसेल त्याने जाऊच नये, उगाच दोन दगडांवर पाय ठेवू नयेत.

आता देहाचा आणि मनाचा विचार. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रात्रीचं जेवण सोडलं तर साखर एकदम उतरू शकते. गुडघे आणि कंबर आधीच कुरकुरत असतील तर तिसऱ्या दिवशी ती ओरडतात. पण यावर उपाय असतो. खुर्ची मागता येते, डॉक्टरांना विचारून औषधाचं प्रमाण बदलून घेता येतं. मनाचं प्रकरण जास्त नाजूक. बाहेरचा गलबला थांबला की आतला ऐकू येतो. बहुतेकांच्या बाबतीत तो वर येतो आणि ओसरतो. काहींच्या बाबतीत जुना आघात, ताजा मृत्यू, दाबलेली भीती असं काही वर येतं की ते एकट्याने पेलवत नाही. द्विध्रुवीय विकार असलेल्या माणसाला सलग जागरण घडलं तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. ज्याला पूर्वी भास झाले आहेत त्याला पुन्हा होऊ शकतात. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, निद्रानाश, आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे अनुभव नोंदलेले आहेत. काहींना ते दीर्घकाळ पुरले, काहींना इस्पितळात न्यावं लागलं.

आमच्या ओळखीतल्या एका घरातली गोष्ट आहे. मुलगा तीस वर्षांचा, हुशार, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांवर छान स्थिरावलेला. एका शिबिराचा अर्ज भरताना आजाराच्या आणि औषधांच्या रकान्यात त्याने "नाही" लिहिलं. खरं लिहिलं तर घेणार नाहीत ही भीती, आणि "ध्यानाला बसणाऱ्याला गोळी कशाला?" ही कोणीतरी कानात घातलेली फुंकर. गोळ्या घरीच ठेवून गेला. सहाव्या दिवशी वडिलांना बोलावणं आलं. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आणि आपल्याला साक्षात्कार झालाय, आता जेवणाचीही गरज नाही, असं तो सांगत होता. सावरायला पाच महिने लागले. नोकरी गेली. आईने मला एकच विचारलं, "देवाच्या वाटेने गेला होता ना हो तो? मग असं का?"

या "असं का"ला उत्तर दिलं पाहिजे, कारण ते न देता आपण पुढच्या मुलाला "जा रे, सगळं ठीक होईल" म्हणून पाठवणार असतो.

आपल्या परंपरेत अधिकार असा शब्द आहे. त्याचा अर्थ आपण बिघडवून ठेवला. अधिकार म्हणजे मोठेपणा आणि अनधिकारी म्हणजे हलका, असं आपल्याला वाटतं. म्हणून माणूस आजार लपवतो. खरं तर अधिकार म्हणजे आज, या देहाला, या मनाला काय झेपेल याचं मोजमाप. तापाने फणफणलेल्याला आपण पंचपक्वान्न वाढत नाही, पेज देतो. त्यात त्याचा अपमान नसतो. भगवंतांनीसुद्धा गीतेच्या सहाव्या अध्यायात अति उपाशी राहणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही असंच अर्जुनाला सांगितलं आहे.

दत्तसंप्रदायात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यातली कुमारी आठवा. घरी पाहुणे आले, ती आत भात कांडायला बसली, हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिने त्या एकेक करून कमी केल्या. दोन उरल्या तरी वाजत होत्या, म्हणून आणखी एक काढली. मग एकेका हातात एकेकच उरली आणि आवाज थांबला. आपण या कथेतून एकांत शिकतो, ते बरोबरच आहे. पण त्यात मला आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, तिने सगळ्या बांगड्या एका झटक्यात उतरवल्या नाहीत. दुसरी, एक बांगडी हातात राहिली आणि कांडणं चालूच राहिलं, पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं. मौन हे असं यावं. ज्याने आयुष्यात कधी फोनशिवाय तासभर काढला नाही त्याने एकदम दहा दिवसांची उडी का घ्यावी? आधी रोज अर्धा तास बसावं. मग एखाद्या गुरुवारी सकाळभर मौन धरावं. मग रविवारचा एक दिवस. आणि औषध चालू असेल तर ती गोळी हीच हातात ठेवायची एक बांगडी समजावी.

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशुळाचा ब्राह्मण येतो. दुखण्याला कंटाळून, अंगाला दगड बांधून तो गोदावरीत जीव द्यायला निघालेला. श्रीगुरूंनी त्याला आधी नदीतून बाहेर आणवलं, विचारपूस केली, आणि सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घालायला लावलं. त्या क्षणी त्याला तपाला बसवलं नाही. आधी जीव, मग देहाची सोय, आणि त्यानंतर साधना. या क्रमाबाहेर जाणारा उत्साह श्रीगुरूंच्या नावावर खपवू नये.

मग जाण्यापूर्वी काय पाहावं? झोप नीट लागते आहे का? गेल्या वर्षभरात घरात मृत्यू, घटस्फोट, असा काही धक्का बसलाय का? मनात स्वतःला संपवण्याचा विचार येऊन गेलाय का? आपण साधनेकडे जातोय की घरातून पळतोय? मानसिक आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, त्यांच्या संमतीशिवाय एकही गोळी कमी करू नये, आणि अर्जात खरं लिहावं. अर्ज नाकारला गेला तर तो देवाने दार बंद केल्याचा पुरावा नव्हे. त्या माणसांनी आपली जबाबदारी ओळखली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बसल्यावर जड झालं तर? इथे पुष्कळांची गफलत होते. मौन सहसाधकांशी असतं. आचार्यांशी आणि व्यवस्थापकांशी बोलायची मुभा असते, ती वापरावी. संकल्प मोडेल म्हणून तोंड मिटून बसू नये. आपल्या पारायणात मध्येच अशौच आलं तर उरलेलं वाचन दुसऱ्याकडून पुरं करून घेतात. परंपरेने माणसाची अडचण आधीच धरून ठेवली आहे. मग तीन रात्री झोप नसलेल्या माणसाने परत येणं पाप कसं ठरेल? अशा परतलेल्याला आपण मठात "कच्चा निघाला" म्हणालो, तर मात्र पाप आपल्या पदरी. परतल्यावर घाबरणं, जागरण, भास चालूच राहिले तर डॉक्टरांना गाठावं. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

त्या आईला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. वाट देवाचीच होती. फक्त तो आपला आजार घरी ठेवून निघाला होता, आणि आजार घरी राहत नाही. देवापुढे जायचं ते आहोत तसं, दुखण्यासकट. मौन जरूर धरावं. आपल्या आजाराबद्दल मात्र मौन धरू नये.

आता तो मुलगा गोळ्या नियमित घेतो, आणि गुरुवारी आरतीला येऊन मागच्या रांगेत पंधरा मिनिटं शांत बसतो. त्याची साधना चालू आहे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥